साप चावल्यावर कोणता व्हिडिओ खरा? भीमपूर सीमाभागासाठी माहिती

पैनगंगेच्या अलीकडे भीमपूर, पलीकडे यवतमाळ जिल्हा. इथे सरकारी कागद तेलुगूत येतो, पण घरात मराठी चालते. साहजिकच तब्येतीचे मराठी व्हिडिओ नदीपलीकडून मोबाईलवर येतात. त्यातले काही फार कामाचे असतात, तर काही जिवावर बेतणारे.

सर्पदंशाचंच घ्या. कापसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात हा धोका नेहमीचाच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर आपल्याकडचं प्रतिविष चालतं आणि ते दवाखान्यातच मिळतं. तरीही दोरी आवळा, चिरा द्या, विष चोखा असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. यातलं काहीच करू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-जोडवी काढा आणि 108 ला फोन करा. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. मण्यारीच्या दंशाला सूज, वेदना फारशी नसते, म्हणून ‘काही झालं नाही’ समजून घरी थांबू नका.

डॉक्टरही या माध्यमातून शिकतात. काचेच्या कोरड्या नळीत रक्त 20 मिनिटं ठेवून ते गोठतं का पाहायची साधी तपासणी लहान दवाखान्यातही होते. अशा गोष्टी व्हिडिओतून लवकर पोचतात. मात्र रुग्णाची ओळख उघड करणं चूकच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांच्या सोशल मीडिया वापराचे नियम काढले होते. त्याच महिन्यात ते स्थगित झाले. म्हणून पारख आपणच करायची.

व्हिडिओ पाहताना एवढं बघा:
• डॉक्टरचं पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी सांगितली आहे का?
• व्हिडिओ किती जुना आहे?
• शेवटी औषध किंवा चूर्ण विकायला काढलं आहे का?
• योजना कोणत्या राज्याची आहे?

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. भीमपूरकरांना तेलंगणाची आरोग्यश्री लागू. तिची मर्यादा डिसेंबर 2023 पासून 10 लाख रुपये आहे. मराठी व्हिडिओ ऐकून चुकीचं कार्ड घेऊन दवाखान्याच्या खिडकीवर उभं राहायची वेळ येऊ नये. आशाताईंना किंवा आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात आधीच विचारून ठेवा.