समुद्रकाठचा दांपत्यनिवास : स्वरूप, प्रकार आणि अवस्था

१. संज्ञानिश्चय

पुण्यातील दांपत्यांनी दोन-तीन दिवसांसाठी कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन राहणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. नित्याच्या गोष्टींचे विवेचन सहसा होत नाही. भाडे, रस्ता आणि जेवण यांची चर्चा होते. ज्या हेतूने घर सोडले त्याची होत नाही. म्हणून येथे प्रथम संज्ञा निश्चित करून, नंतर विषयाचे विभाग पाडून, या वास्तव्याचे फलित कशावर अवलंबून असते ते पाहावयाचे आहे.

'दांपत्य' म्हणजे परस्परांना जीवनाचे जोडीदार मानणाऱ्या दोन व्यक्ती. लग्न होऊन एक महिना झाला की तीस वर्षे झाली, हा भेद या व्याख्येत गौण आहे. 'दांपत्यनिवास' म्हणजे घरापासून दूर, मर्यादित काळासाठी, सहवास हेच एकमेव प्रयोजन ठेवून केलेले वास्तव्य. तीर्थयात्रा, लग्नकार्य आणि कचेरीची सहल या व्याख्येबाहेर राहतात, कारण त्यांत सहवास आनुषंगिक असतो. 'अल्पनिवास' म्हणजे ज्या ठिकाणी यजमान प्रत्येक पाहुण्याला व्यक्तिशः ओळखू शकतो असे निवासस्थान. घरगुती राहण्याच्या सोयीपासून बुटीक हॉटेलपर्यंत सर्व प्रकार यात येतात. खोल्यांची संख्या हे त्याचे बाह्य लक्षण, ओळख हे मूळ लक्षण. 'एकांत' म्हणजे तिसऱ्याचे लक्ष आपल्यावर नसण्याची स्थिती. निर्जन स्थळी एकांत असतोच असे नाही, आणि वस्तीतही तो असू शकतो.

२. प्रयोजन

पुणे आणि कोकण किनारा हे दोन्ही प्रदेश उष्णकटिबंधात, जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यांतील मुख्य भेद उंचीचा आणि समुद्रसान्निध्याचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. परंतु केवळ हवापालट हवा असेल तर महाबळेश्वर किंवा माथेरान पुरेसे आहे, आणि नवविवाहितांच्या अनेक पिढ्या तेथे गेल्या आहेत. म्हणून प्रयोजन हवेपलीकडे शोधले पाहिजे.

घरातील सहवासाला तीन अडथळे असतात. पहिला स्थलाचा : दोन खोल्यांच्या सदनिकेत आईवडील, मुले आणि येणारेजाणारे यांचा प्रत्येक जागेवर न्याय्य हक्क असतो. दुसरा कालाचा : दूध, डबा, शाळेची बस, हिंजवडीचा रस्ता आणि रात्रीची भांडी यांनी दिवस आधीच वाटून टाकलेला असतो. तिसरा लक्षाचा : दोघे समोरासमोर बसले तरी बोलणे गृहव्यवस्थेचेच होते. दांपत्यनिवासाचे प्रयोजन या तीन अडथळ्यांचे तात्पुरते निरसन, हेच होय. त्यामुळे कोणत्याही निवासाची परीक्षा याच तीन अंगांनी करणे युक्त ठरते.

३. निवासाचे प्रकार

कोकण किनाऱ्यावरील निवास चार प्रकारांत विभागता येतात.

(अ) घरगुती सोय : यजमानाच्याच घरातील एक-दोन खोल्या. ओळख सर्वाधिक, आडोसा सर्वांत कमी.

(आ) वाडीतील स्वतंत्र खोल्या : यजमानाचे घर रस्त्यालगत, पाहुण्यांच्या खोल्या मागे नारळी-पोफळीत. ओळख आणि आडोसा दोन्ही मध्यम.

(इ) रचित अल्पनिवास, म्हणजे रूढ अर्थाने बुटीक हॉटेल : वास्तुरचना, साहित्य आणि भोजन यांमागे एकच दृष्टी असलेले छोटे हॉटेल.

(ई) बृहन्निवास : शेकडो पाहुण्यांचे रिसॉर्ट. आडोसा पुरेसा, ओळख नाममात्र.

तिसऱ्या प्रकाराचा इतिहास शहरात सुरू झाला असे मानण्याची प्रथा आहे. लंडनचे ब्लेक्स (१९७८) आणि न्यूयॉर्कचे मॉर्गन्स (१९८४) ही त्याची आद्य उदाहरणे म्हणून सांगितली जातात. परंतु उष्णकटिबंधातील किनाऱ्यावर ही कल्पना त्याआधीच रुजली होती. बाली बेटावरील सानूर येथे १९६२ मध्ये तांजुंग सारी हे निवासस्थान काही मोजक्या बंगल्यांनिशी सुरू झाले. त्याच किनाऱ्यावर १९६६ मध्ये दहा मजली बाली बीच हॉटेल उभे राहिले, आणि त्यानंतर बेटावरील इमारतींची उंची माडाच्या उंचीपेक्षा, म्हणजे सुमारे १५ मीटरपेक्षा, अधिक नसावी असा नियम झाला. एकाच किनाऱ्यावरील या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट निष्पन्न होते : किनाऱ्यावर अल्पता ही स्थलाचीच मागणी आहे. कोकणात तिला आधीपासून एक रूप प्राप्त झाले होते. ते रूप म्हणजे वाडी.

४. स्थलविचार

दिवेआगर, गुहागर किंवा हर्णैजवळचे मुरूड या गावांची रचना पाहता पाच पट्टे क्रमाने दिसतात : रस्ता, घर, विहीर व वाडी, सुरूचे बन, आणि पुळण. घराचे तोंड रस्त्याकडे असते. मागील दारातून विहिरीपाशी, तेथून पाटाच्या कडेने नारळी-पोफळीच्या सावलीत, पुढे सुरूच्या बनातून वाळूवर असा हा मार्ग जातो.

या क्रमाचे दोन परिणाम आहेत. पहिला असा की समुद्र खोलीतून दिसत नाही. तो ऐकू येतो आणि त्याच्याकडे चालत जावे लागते. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी अधिक भाडे मोजण्याची आज रीत आहे. तथापि सहवासाच्या दृष्टीने हे चालणेच अधिक मोलाचे, कारण दोघांनी मिळून करावयाची अशी ती दिवसातील एक सहज कृती ठरते. दुसरा परिणाम असा की सार्वजनिक रस्त्यापासून खासगी सावलीपर्यंत एकांताच्या पायऱ्या तयार होतात. भिंतीने दिलेला आडोसा एकदम सुरू होतो आणि एकदम संपतो; वाडीने दिलेला आडोसा हळूहळू दाट होत जातो.

कायद्यानेही या रचनेला आधार दिला. केंद्र सरकारच्या १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आणला, आणि ग्रामीण किनाऱ्यावर त्यातील पहिले २०० मीटर नव्या बांधकामापासून मुक्त ठेवले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत ही मर्यादा ५० मीटरवर आणली. या सवलतीमुळे खोल्या समुद्राजवळ सरकतील. परंतु ज्या पट्ट्यामुळे तेथे राहावेसे वाटते तोच पट्टा त्यामुळे अरुंद होईल. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगर-श्रीवर्धन परिसरातील पोफळी आणि माड मोठ्या प्रमाणात आडवे केले. पोफळ लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. या परिसरात आज मिळणारी सावली कोणीतरी पुन्हा लावलेली, पाणी घालून वाढवलेली आहे, हे पाहुण्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

५. कालविचार

कालाचे तीन स्तर आहेत : ऋतू, तिथी आणि प्रहर.

ऋतू. जूनच्या आरंभी नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोकणात पोचतो आणि समुद्र खवळतो. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या काळात ताज्या मासळीची अपेक्षा ठेवू नये आणि पाण्यात तर मुळीच उतरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांगांनी अनुकूल. एप्रिल-मेमध्ये उकाडा असतो, पण आंबा-फणसही त्याच महिन्यांत असतो.

तिथी. किनाऱ्यावरील लोकांचा एक हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही वेळ स्थूल असते, आणि तीच दिवसा व रात्री दोन्हींस लागू होते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग.

या हिशेबाचा दांपत्यनिवासाशी थेट संबंध आहे. चतुर्दशी ते प्रतिपदा या तिथींना सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर मागे गेलेले असते. ओली, घट्ट, चालण्यास योग्य पुळण सायंकाळी हवी असेल तर या तिथी निवडाव्यात. अष्टमीला त्याच वेळी भरती असते आणि मऊ वाळूचा चिंचोळा पट्टाच उरतो. चंद्राचा विचारही येथेच करावा. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. पौर्णिमेचा चंद्र मागच्या बाजूने, वाडीवर उगवतो आणि पहाटे समुद्रात मावळतो. समुद्रावरची चंद्रकोर सायंकाळी पाहावयाची तर शुद्ध द्वितीया ते पंचमी हे दिवस योग्य. अमावास्येला पुळण रुंद आणि आकाश ताऱ्यांनी भरलेले असते. बहुतेक जण जोडून आलेली सुट्टी पाहून तारीख ठरवतात. तिच्याशेजारी पंचांगाचे पानही पाहिले तर निवड अधिक विचारपूर्वक होते.

प्रहर. दिवसा समुद्राकडून खारे वारे वाहतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. या दोन वाऱ्यांच्या संधिकाळी हवा काही वेळ स्तब्ध होते आणि घाम येतो. पाहुणा याचा दोष खोलीला देतो. कारण मात्र निसर्गक्रमात असते. उष्णकटिबंधात संधिप्रकाश अल्प असतो. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाच्या आत काळोख होतो, म्हणून परतीची पायवाट आधी पाहून ठेवावी. ओहोटी सुरू असताना पाणी आत ओढते. त्या वेळी पोहणे सर्वथा वर्ज्य समजावे.

भरती, ओहोटी, वारा आणि प्रकाश हे चारही घड्याळाच्या अधीन नाहीत. त्यांच्या क्रमाने दिवस घालवू लागताच घरचे वेळापत्रक आपोआप निष्प्रभ होते. कालाच्या अडथळ्याचे निरसन असे घडते.

६. आतिथ्यविचार

तिसरा अडथळा लक्षाचा. तो सर्वांत सूक्ष्म आहे, कारण येथे यजमान स्वतःच तिसरी व्यक्ती असतो. कोकणातील घरगुती निवासात पाहुणे यजमानांना काका-काकू म्हणतात. या संबोधनाने जिव्हाळा येतो. त्याचबरोबर नात्याचे अधिकारही येतात. लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती, सासू-सासरे जवळ असतात का, हे प्रश्न प्रेमानेच विचारले जातात. ज्या लक्षापासून दूर यावयाचे ते लक्ष मग दुसऱ्या दारातून आत येते. उलट, बृहन्निवासात कोणी काही विचारत नाही, कारण तेथे ओळखच नसते. तेव्हा प्रश्न असा : ओळख राहावी आणि लक्ष मात्र हटावे, हे कसे साधते?

उत्तर आतिथ्याच्या तीन क्रियांत आहे. पहिली, विचारणे : सकाळच्या चहाच्या वेळी एकदाच, दुपारी जेवायला आहात का आणि काय करू, इतकेच. ऐनवेळी काही रांधून मिळत नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर तसे आधी सांगावे लागते. दुसरी, करणे : घावन तव्यावरून थेट पानात पडावे, सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची असावी, विहिरीच्या पाण्याची बादली आंघोळीपूर्वी भरलेली असावी. तिसरी, सरणे : वाढून झाल्यावर यजमानाने माजघरात जावे. पहाटेच्या चहाचा थर्मास खोलीच्या कठड्यावर ठेवून, दार न वाजवता परतणारी काकू या तिसऱ्या क्रियेचा आदर्श होय. तिने गरज ओळखली, ती भागवली आणि आपली उपस्थिती मागे घेतली.

पहिल्या दोन क्रिया पैशाने विकत घेता येतात. तिसरी संस्काराने येते. आणि ती अल्पसंख्य पाहुण्यांतच शक्य असते, कारण कोणापासून केव्हा सरावे हे त्या व्यक्तीला ओळखल्यावाचून कळत नाही. अल्पनिवासाच्या व्याख्येत संख्येऐवजी ओळख हे मूळ लक्षण का मानले, याचे कारण येथे स्पष्ट होते.

७. निवासाच्या अवस्था

वास्तव्याच्या चार अवस्था मानाव्यात. (१) प्रस्थान : मुळशीच्या जलाशयाच्या कडेने ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगरपर्यंत सुमारे चार ते पाच तास. या अवस्थेत बोलणे घराचेच असते : गॅस बंद केला का, किल्ली कोणाकडे दिली. (२) निवळणे : पोचल्यावरचा पहिला दिवस. शरीर थांबलेले असते, मन थांबलेले नसते. हात वारंवार मोबाइलकडे जातो. किरकोळ कलह याच अवस्थेत होतात आणि त्यांचा दोष निवासाकडे जातो. (३) स्थैर्य : सांगण्याजोग्या गोष्टी संपतात आणि न सांगितलेल्या वर येऊ लागतात, किंवा दोघेही न बोलता बसू शकतात. (४) प्रत्यागमन : आवराआवर आणि घाटाची चढण.

यांपैकी तिसरी अवस्था हेच फलित. बाकीच्या तीन तिच्या पूर्व-उत्तर अवस्था. एका रात्रीच्या मुक्कामात पहिली, दुसरी आणि चौथी एवढ्याच अवस्था घडतात. म्हणून दोन रात्री हे न्यूनतम मान समजावे. शनिवारी पोचून रविवारी दुपारी परतणारी दांपत्ये थकून येतात, याचे कारण रस्ता जितका, तितकीच ही वगळलेली अवस्था आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन सिद्धान्त निघतात. एक : निवासाची श्रेष्ठता साधनसामग्रीवर ठरत नाही, स्थल, काल आणि लक्ष या तीन अडथळ्यांचे निरसन तो किती करतो यावर ठरते. दोन : किनाऱ्यावर हे निरसन अल्पतेमुळे होते, आणि कोकणच्या वाडीत ती अल्पता मुळातच आहे, म्हणून वाडी तोडून उभारलेला निवास आपल्याच प्रयोजनाचा घात करतो. तीन : निवास केवळ अवकाश देऊ शकतो. त्या अवकाशात परस्परांकडे पाहण्याचे काम दांपत्यालाच करावे लागते.

तिसऱ्या सिद्धान्तातून एक उपसिद्धान्त मिळतो. जे निरसन दिवेआगरला दोन रात्रींत साधते त्याचा काही अंश पुण्यातील घरातही साधता येण्याजोगा आहे, कारण तिसऱ्याचे लक्ष मागे घेणे ही क्रिया कुटुंबातील इतरांनाही शक्य आहे. एका घरातील वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी आठवड्यातील एक सायंकाळ त्या दोघांसाठी मोकळी सोडली, तर ते त्या दोघांचे घरातल्या घरात केलेले आतिथ्यच ठरेल. समुद्रकाठच्या निवासाचा अभ्यास शेवटी या कर्तव्यापाशी येऊन पोचतो, आणि म्हणूनच तो गांभीर्याने करण्यास योग्य आहे.