‘मेडन’च्या खलाशिणी

शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत हा पुरुषांचाच मक्ता समजला जात असे. १९८९ साली व्हिटब्रेड शर्यतीसाठी साउथॅम्प्टनला केवळ स्त्रियांची ‘मेडन’ नौका सज्ज झाली, तेव्हा जाणत्यांनी नाके मुरडली. एका ब्रिटिश पत्रकाराने तर तिला छचोर बायांनी भरलेला पत्र्याचा डबा ठरविले! तिची तांडेल ट्रेसी एडवर्ड्स अवघी सव्वीस वर्षांची. पैसा देण्यास कोणी धजेना, म्हणून घर गहाण टाकून तिने ही ५८ फुटी मोडकळीस आलेली नौका घेतली. पुढे जॉर्डनचे राजे हुसेन साहाय्यास आले. ब्रिटन, फ्रान्स, आयर्लंड, फिनलंड, न्यूझीलंड अशा देशांतील मुलींनी ती स्वहस्ते दुरुस्त केली.

खरी कसोटी दक्षिण महासागरात होती. पुंता देल एस्तेहून फ्रीमँटलकडे जाताना दक्षिणेस सरकावे तितके अंतर कमी, परंतु हिमनगांचे भय अधिक. एडवर्ड्सने तोच मार्ग पत्करला आणि आपल्या वर्गात तो टप्पा जिंकला, त्यापुढचा ऑकलंडचाही. केप हॉर्नच्या वाटेवर मात्र नौकेत पाणी शिरले, आघाडी गेली. १९९० मध्ये ‘मेडन’ वर्गात दुसरी आली. त्या पत्रकाराने आपली थट्टा वाटेतच सौम्य केली होती. कितपत मनापासून, हा प्रश्नच आहे.

२०२३ च्या ओशन ग्लोब शर्यतीत तीच नौका पुन्हा उतरली. उपग्रहाचे मार्गदर्शन वर्ज्य. भिस्त सूर्यतारे व सेक्स्टंट यांवर. हीदर थॉमसच्या हाताखाली अँटिग्वा व दक्षिण आफ्रिका येथील तरुणी होत्या, आणि भारताची पायल गुप्ताही. १६ एप्रिल २०२४ रोजी ‘मेडन’ इंग्लंडला परतली. नौकानौकांतील वेगाच्या फरकाचा हिशेब होताच ती सर्वांत पहिली ठरली.