गॉडझिला आणि दौलताबादचा हौद

गेल्या महिन्यात नागसेनवनात एका विद्यार्थ्याने मला त्याच्या कथेची कल्पना ऐकवली. मराठवाड्यात सलग सात वर्षे पाऊस नाही, नाथसागराचा तळ उघडा पडलाय, सरकार कोसळलंय, आणि त्या भेगाळलेल्या तळातून एक अजस्र प्राणी वर येतो. जुने राक्षसपट बघून त्याला हे सुचले होते. कल्पना झकास होती. मी एवढेच विचारले, "सरकार कोसळायच्या आधी तुझ्या गावात सगळे एकाच विहिरीवर पाणी भरत होते का?" तो गप्प झाला.

'हे सगळे पाश्चात्त्य खूळ' म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. आपल्या पोरांनी अशा कथा लिहाव्यातच. पण आधी राक्षसांचा इतिहास तपासावा. ज्याला आपण गॉडझिला म्हणतो तो जपानी 'गोजिरा' १९५४ चा. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. सप्टेंबरमध्ये त्यांतला एक जण मेला, नोव्हेंबरमध्ये सिनेमा पडद्यावर आला. हिरोशिमाला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. हा राक्षस कोणी घडवला, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नाही.

आपल्याकडे राक्षस घडवले पुराणांनी, आणि घडवणाऱ्यांना जाब विचारला महात्मा फुल्यांनी. १८७३ च्या 'गुलामगिरी'त धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरे देतात. मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार ते आक्रमकांच्या सरदारांची कारकीर्द म्हणून वाचतात, आणि ज्यांना दैत्य म्हटले ते इथले मूळ रहिवासी निघतात. त्यातला प्रत्येक तपशील आजच्या संशोधनात टिकेल असा माझा दावा नाही. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला त्यातली पद्धत मोलाची वाटते: कथेत राक्षस कोणाला म्हटलेय ते बघा, मग त्याची जमीन कोणाच्या घशात गेली ते शोधा.

आता आपल्या शहराशेजारची गोष्ट. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले, म्हणून किल्ल्याबाहेरच्या हौदावर त्यांनी हातपाय, तोंड धुतले. आत शिरतात तोच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत मागे धावला: धेडांनी हौद बाटवला! गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. आम्ही मुसलमान झालो तर हे पाणी चालेल का, असे बाबासाहेबांनी त्यांनाच विचारले. शेवटी किल्ला बघू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. लक्ष ठेवायला एक बंदूकधारी शिपाई सोबत दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग राक्षसपट म्हणून बघा. चवताळलेला जमाव आहे, किल्ल्याचा दरवाजा आहे, बंदूक आहे. राक्षस कोण? धुळीने माखलेले तीस प्रवासी. आणि कोसळलेले काहीच नाही! हौदात पाणी आहे, निजामाचे राज्य शाबूत आहे, शिपाई कामावर हजर आहे. सिनेमात व्यवस्था मोडल्यावर माणूस माणसाचे पाणी तोडतो. इथे व्यवस्था धडधाकट होती आणि पाणी तोडण्याचे काम तीच बंदूक देऊन करून घेत होती.

अमेरिकेत १९६८ साली जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. प्रेते उठून माणसे खातात, काही जण एका घरात अडकतात. त्यांचा नायक कृष्णवर्णीय, ड्युएन जोन्स. (चाचणीत तोच सगळ्यांत चांगला वाटला म्हणून घेतला, असे रोमेरो सांगत असे.) तो प्रेतांपासून रात्रभर वाचतो आणि सकाळी 'बचावा'साठी आलेल्या गोऱ्या बंदूकवाल्यांच्या गोळीने मरतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून त्याच वर्षीचा.

अशी रात्र मराठवाड्यानेही पाहिली आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत मातंग समाजातल्या पोचिराम कांबळेंना ठार मारले. मारणारे कुठल्या तळ्यातून वर आलेले नव्हते. रोजच्या ओळखीतले होते. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. यावर भयकथा लिहायला कल्पनाशक्ती कमी आणि हिंमत जास्त लागते.

नायकाचेही तसेच. जगबुडीच्या सिनेमातला नायक डबाबंद अन्न साठवतो, दारे ठोकून घेतो, परका दिसला की गोळी घालतो. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, ज्यांना जमले ते शहर सोडून गेले. सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यात गेल्या, आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या.

परवा तो विद्यार्थी पुन्हा भेटला. कथा बदललीय म्हणाला. प्राणी आता नाथसागरातून नाही, दौलताबादच्या हौदातून वर येतो.

"आणि दादा, पाणी प्यायला येतो. कोणाला खायला नाही."

"मग शिपाई काय करतो?"

"तिथंच अडलोय."