कलीमची पुस्तके

उर्दू कादंबरी नुकती जन्मत होती, त्याच सुमारास तिच्या पानांवर एका मुलाची पुस्तके जाळली गेली. डेप्युटी नझीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ १८७४ साली आली. दिल्लीत पटकीची साथ पसरते, घरचा कर्ता नसूह आजारी पडतो, त्या गुंगीत त्याला आखिरतच्या हिशेबाचे स्वप्न पडते. बरा झाल्यावर तो साऱ्या घराला दीनच्या वाटेवर आणायला निघतो. धाकटी मुले ऐकतात. थोरला कलीम शायर, शौकीन, हट्टी. अब्बांनी बोलावले तरी समोर जात नाही आणि घर सोडतो. मग नसूह त्याच्या खोल्या उघडतो आणि पुस्तकांना आग लावतो.

जळालेल्या पुस्तकांची नावे नझीर अहमदांनी मुद्दाम दिली आहेत. जाफर जटल्लीची हजल किंवा चिरकीनच्या गजला कोणताच बाप मुलाच्या हाती देणार नाही, एवढे आम्हीही मान्य करतो. पण त्याच आगीत ‘फसाना-ए-अजायब’ आहे, ‘आराइशे महफिल’ म्हणजे हातिमताईचा किस्सा आहे, आणि ‘गुलबकावली’ आहे.

‘गुलबकावली’त काय आहे? बादशहाला धाकटा मुलगा होतो. नजुमी सांगतात, या मुलावर नजर पडली तर तुमची दृष्टी जाईल. म्हणून ताजुल मुलूकला बापापासून दूर वाढवतात. तरी एकदा शिकारीत नजरानजर होते, बादशहा आंधळा होतो आणि मुलगा परागंदा. तोच मुलगा परीच्या बागेतून फूल आणून बापाचे डोळे बरे करतो. वाटेत भावांनी फूल लुबाडले तरी. कलीमच्या कपाटातल्या या किस्स्यात बापाने टाकलेल्या मुलाची कहाणी होती. नसूहने ती वाचली असती तर? नझीर अहमदांच्या ध्यानात हा विरोध आला होता की नाही, कोण जाणे.

या आगीमागे काळही होता. १८५७ नंतर दिल्ली उजाड झाली होती. जुने ते सारे निकामी, असे बजावणारे सरकार वर होते. वायव्य प्रांताच्या सरकारने १८६८ मध्ये उपयुक्त पुस्तकांना बक्षिसे जाहीर केली. नझीर अहमदांनी आपल्या मुलींसाठी लिहिलेल्या ‘मिरातुल उरूस’ला (१८६९) त्यातूनच हजार रुपये मिळाले. ते शिक्षण खात्यात नोकरी केलेले, इंडियन पीनल कोडच्या उर्दू तर्जुम्याला हात लावलेले गृहस्थ. उपयुक्त हा शब्द त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. आम्हा उर्दू शाळेतल्या मास्तरांनाही तो रोज भेटतो. पालक विचारतात, “सर, या किताबीने मार्क वाढतील का?” आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या खिशातच राहते.

पण नझीर अहमद लेखक म्हणून प्रामाणिक होते. कलीमच्या हालांची पाने त्यांनी जीव ओतून लिहिली. श्रीमंतीचा आव आणणारा दोस्त मिर्झा जाहिरदार बेग त्याला ओसाड मशिदीत झोपवतो, रात्रीच्या जेवणाला भाजलेले चणे आणतो आणि त्या चण्यांची तारीफ करत बसतो. पुढे कोतवालापुढे उभे राहणे, परमुलखात शिपाईगिरी, जखमी होऊन घरी परतणे, मृत्यू. पुस्तक नसूहच्या बाजूने लिहिलेले, वाचणारा मात्र कलीमबरोबर भुकेला राहतो.

आगीचा उपयोगही फारसा झाला नाही. नऊच वर्षांनी, १८८३ मध्ये, लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून ‘तिलिस्मे होशरुबा’ निघू लागली. मुहम्मद हुसैन जाह यांनी सुरू केलेले आणि अहमद हुसैन कमर यांनी पुरे केलेले सात खंड! मराठीत तरी काय वेगळे? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी १८६१ पासून आणल्या, तर गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ची. अद्भुत आणि इतिहास दोन्ही भाषांत शेजारी नांदत होते.

उर्दूत त्यांची गाठ घातली अब्दुल हलीम शरर यांनी. स्कॉटच्या ‘टॅलिझमन’ने डिवचले गेल्यावर त्यांनी आपल्या ‘दिलगुदाज’ मासिकात १८८८ मध्ये ‘मलिकुल अजीज वर्जिना’ लिहिली. ती जोशाची आहे, पण आम्हाला ‘फिरदौसे बरीं’ (१८९९) मोठी वाटते. हुसेन आणि झुमुर्रुद ही कोवळी जोडी हजला निघते. वाटेत डोंगरात पऱ्या दिसतात, झुमुर्रुद नाहीशी होते आणि तिची कबर सापडते. मग तिची पत्रे येतात, ती म्हणे जन्नतमधून. तिला भेटायच्या ओढीने हुसेन अलमूतच्या बातिनी मंडळींच्या हाती पडतो आणि त्यांच्या हुकमावरून स्वतःच्या चाचाचा, थोर आलिमाचा, खून करतो. ती जन्नत म्हणजे डोंगरात लावलेली बाग होती. तिलिस्म माणसांनीच उभे केले होते आणि त्याचे इंधन होते तरुणांची निष्ठा.

हुसेनवर वर्गात मुले तुटून पडतात. “इतका कसा फसला?” असे विचारतात. मुली झुमुर्रुदच्या बाजूला असतात, कारण बागेत कैद राहून सारे ओळखणारी तीच. तिच्याच पत्रामुळे हुसेन मंगोल शहजादीपर्यंत पोचतो. अलमूत पडले ते १२५६ साली, हुलागूच्या स्वारीत; तवारीखमध्ये तेवढेच नमूद आहे. दार आतून कोणी दाखवले, ते शररने एका मुलीकडे दिले.