पानाबाहेरचे हरितकण आणि खाण्याचा सोडा

चुकीच्या सिद्धान्ताबरोबर एखादें खरें निरीक्षणही टाकून दिलें जाण्याचा धोका शास्त्रांत नेहमींच असतो. ओटो वारबुर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या एका प्रयोगाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों ती याच कारणास्तव.

वनस्पती कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पुस्तकांतला कर्बाम्ल वायु, घेतात व उजेडांत प्राणवायु सोडतात, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. हा प्राणवायु कर्बाम्ल वायु फुटूनच निघतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला १९३७ सालीं केंब्रिज येथें रॉबर्ट हिल यांनीं मोठा धक्का दिला. पानें वाटून त्यांतील हिरवे सूक्ष्म कण, ज्यांस आपण हरितकण म्हणूं, त्यांनीं वेगळे काढले, त्यांत लोहाचा एक क्षार घातला व त्यांवर प्रकाश पाडला. प्राणवायु तर निघाला. पण त्या कामीं कर्बाम्ल वायु खर्चीं पडला नव्हता, इलेक्ट्रॉन स्वीकारले होते तें लोहानें. पुढें १९४१ सालीं बर्कले येथें रूबेन, केमन प्रभृतींनीं जड प्राणवायूची खूण असलेलें पाणी वापरून, बाहेर पडणारा प्राणवायु पाण्यांतलाच असल्याचें दाखविलें.

वारबुर्ग यांस हें मान्य नव्हतें. १९३१ चें नोबेल पारितोषिक मिळविलेला हा पुरुष मोठा हट्टी. प्राणवायूचा एक रेणु निघण्यास प्रकाशाचे चार कण पुरतात असें ते म्हणत. त्यांचेच शिष्य रॉबर्ट इमर्सन आठांच्या खालीं येईनात. हा तंटा मिटावा म्हणून वारबुर्ग १९४८-४९ मध्यें अमेरिकेंत अर्बाना येथें इमर्सन यांच्या प्रयोगशाळेंत जाऊन राहिले. तंटा मिटला नाहीं. आज निर्णय शिष्याच्या बाजूनें लागलेला आहे.

अशा स्थितींत १९५८ सालीं वारबुर्ग व त्यांचे सहकारी क्रिपाल यांनीं जाहीर केलें, कीं हरितकणांभोंवतालचा कर्बाम्ल वायु काढून घेतल्यास हिल यांची क्रिया मंदावते, व तो परत दिल्यास पुन्हां जोर धरते. साखर बनत नाहीं तेथें या वायूची गरज कां पडावी? वारबुर्ग यांचें उत्तर तयारच होतें : प्राणवायु त्यांतूनच येतो म्हणून! हें उत्तर चुकीचें होतें, पण प्रश्न खरा होता.

तो प्रश्न पुढें नेला इमर्सन यांच्याच परंपरेंतील एका भारतीयानें, हें आम्हांस विशेष वाटतें. अलाहाबादचे गोविंदजी १९५६ सालीं इमर्सन यांच्याकडे अर्बानास गेले. १९५९ सालीं इमर्सन विमान-अपघातांत वारले. गोविंदजींस वारबुर्ग यांचा पक्ष घेण्याचें कांहींच कारण नव्हतें. निरीक्षण मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. १९७३ सालीं ॲलन स्टेमलर यांच्यासह मक्याच्या हरितकणांवर त्यांनीं प्रयोग प्रसिद्ध केले. बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यांत सोडियमबरोबर असणारा तोच भाग, घालतांच क्रियेचा वेग चार-पांच पट वाढला. १९७५ सालीं स्टेमलर व रॅडमर यांनीं खुणेचें बायकार्बोनेट वापरलें. निघालेल्या प्राणवायूंत ती खूण आढळली नाहीं. म्हणजे तें कच्चा माल नव्हे. मग त्याचें काम तें कोणतें? त्याच वर्षीं विड्झिन्स्की व गोविंदजी यांनीं पालकाच्या हरितकणांवरून दाखविलें, कीं त्याची एक जागा पाणी फुटतें तेथें नसून, सुटलेले इलेक्ट्रॉन पुढें जातात त्या वाटेवर आहे. तेथें क्विनोन नांवाचे दोन रेणु असून पहिल्याकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जातो. बायकार्बोनेट नसलें तर ही देवघेव अडते.

२०११ सालीं जपानी संशोधकांनीं या यंत्रणेची अत्यंत स्पष्ट स्फटिक-रचना प्रसिद्ध केली. तींत दोन क्विनोनांच्या मध्यें लोहाचा एक अणु दिसतो, आणि त्याला बिलगून बायकार्बोनेट बसलेलें आहे. २०१६ सालीं लंडनच्या एका गटानें आणखी असें सुचविलें, कीं हवेंतून कर्बाम्ल वायु पुरेसा मिळेनासा झाला म्हणजे हें बायकार्बोनेट आपली जागा सोडतें, त्यामुळें पहिल्या क्विनोनाचें विद्युत्-विभव बदलतें, आणि अतिप्रकाशानें होणारी नासाडी कमी होते. वारबुर्ग १९७० सालींच निवर्तले होते. प्राणवायु कर्बाम्ल वायूचाच, हें मत त्यांनीं शेवटपर्यंत सोडलें नाहीं.