तारेच्या आत गेलेला जनरल

निरगुडसरवरनं बोलतोय. भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला मजकूर.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. पोरगा भरतीची तयारी करतोय. पहाटे मंचरच्या रस्त्यावर पळायला जातो, तिथं पोरांमध्ये वाद झाला म्हणे. कुणाचा तरी नातेवाईक यूएनच्या मिशनवर निळी टोपी घालून आफ्रिकेत जाऊन आला होता, त्यावर दुसरा म्हणाला, "तिथं काय, नुसतं उभं राहायचं असतं. गोळी झाडायची नाही, तर मग सैनिक कशाला?" मेसेजच्या शेवटी प्रश्न होता: दादा, यात खरंच काही शौर्य असतं का?

या प्रश्नावर मला भाषण द्यायचं नाही. एक गोष्ट सांगतो, १९५३ सालची, कोरियातली. तिच्या मधोमध एक मराठी माणूस उभा आहे. मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. लष्करात त्यांना एसपीपी थोरात म्हणायचे. थोरात आडनाव आपल्याकडं काही नवीन नाही, पण हे थोरात कोल्हापूरकडचे, आणि का कोण जाणे, आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाहीत.

आधी भानगड काय होती ते बघू. २५ जून १९५० ला कोरियात युद्ध सुरू झालं. उत्तरेकडून उत्तर कोरिया आणि नंतर चीन, दक्षिणेकडून दक्षिण कोरिया आणि यूएनच्या झेंड्याखाली अमेरिका व इतर देश. वर्षभरात दोन्ही बाजू दमल्या आणि वाटाघाटी सुरू झाल्या. सीमारेषेवर कसंबसं जमत आलं, पण गाडी अडकली युद्धकैद्यांवर. युद्ध संपलं की कैदी सोडायचे आणि घरी पाठवायचे, असा जिनिव्हा कराराचा नियम. पण इथं अमेरिकेच्या ताब्यातले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचंच नाही. चीन म्हणे, तुम्ही त्यांना धाक दाखवून तसं बोलायला लावताय. अमेरिका म्हणे, ज्याला जायचं नाही त्याला आम्ही जबरदस्तीनं पाठवणार नाही. या एका मुद्द्यावर दीड वर्षाहून जास्त काळ घोळ चालला, आणि तेवढा काळ आघाडीवर माणसं मरत राहिली.

तोडगा कुणी काढला? भारतानं. यूएनमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ठराव मांडला आणि डिसेंबर १९५२ मध्ये तो मंजूर झाला. कल्पना साधी: ज्यांना परत जायचं नाही असे कैदी कुठल्याच भांडणाऱ्या बाजूकडे ठेवायचे नाहीत, मधल्या माणसांच्या ताब्यात द्यायचे. लगेच कुणी ऐकलं नाही. पण २७ जुलै १९५३ ला पानमुनजोममध्ये युद्धबंदी झाली तेव्हा हीच कल्पना थोड्याफार फरकानं स्वीकारली गेली.

मधली माणसं म्हणजे पाच देशांचा आयोग. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. आता गंमत बघा. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया कम्युनिस्ट गोटातले. स्वीडन आणि स्वित्झर्लंड कुठल्या गोटात नव्हते, पण त्यांचा कल पश्चिमेकडं आहे असंच चीनला वाटायचं. दोन इकडं, दोन तिकडं, आणि निर्णायक मत भारताचं. अध्यक्ष होते कूर्गचे लेफ्टनंट जनरल थिमय्या. शिवाय कैद्यांवर पहारा ठेवायचं काम एकट्या भारताच्या सैन्यावर, कारण पाच देशांचे बंदूकधारी एकाच तारेभोवती उभे केले असते तर आयोगाचंच युद्ध झालं असतं.

लोकसंख्येनं आपण तेव्हाही मोठेच. पण स्वातंत्र्याला जेमतेम सहा वर्षं झालेली, अन्नधान्य बाहेरून आणावं लागायचं, आणि अणुबॉम्बवाल्यांच्या टेबलावर आपली किंमत एखाद्या छोट्या देशाएवढीच होती. माझ्या मते हीच आपली जमेची बाजू ठरली. आपल्याला घाबरावं असं आपल्याकडं काहीच नव्हतं, म्हणून मध्ये उभं राहायला आपण चाललो.

सगळ्यांना चाललो असं मात्र नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतावर भयंकर चिडलेले. त्यांनी सांगून टाकलं, भारतीय सैनिकांचं पाऊल माझ्या जमिनीवर पडता कामा नये. बरं, नुसती धमकी देणारा गडी नव्हता तो. जूनमध्येच त्यानं कुणाला न विचारता पंचवीस हजारांहून जास्त कोरियन कैदी परस्पर सोडून दिले होते. मग आपल्या जवानांना इंचॉनच्या समुद्रातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. पाच-सहा हजार माणसं. १९५३ साली आपल्यातल्या कितीजणांनी हेलिकॉप्टर नुसतं पाहिलं तरी असेल? या दलाचं नाव कस्टोडियन फोर्स इंडिया, आणि त्यांनी तिथं वसवलेल्या छावणीचं नाव हिंद नगर.

या दलाचे प्रमुख थोरात. सँडहर्स्टला शिकलेले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉची लढाई झाली, तिथं एकाच ब्रिगेडमध्ये तीन भारतीय अधिकारी तीन पलटणींचे प्रमुख होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. म्हणजे हातघाईची लढाई यांनी जवळून पाहिली होती. गोळी झाडणं यांना नवीन नव्हतं. न झाडणं शिकायचं होतं.

त्यांच्या ताब्यात आले यूएनच्या बाजूनं दिलेले २२,६०४ कैदी. त्यात चौदा हजारांहून जास्त चिनी, बाकी उत्तर कोरियन. उलट बाजूनं चीन आणि उत्तर कोरियानं दिलेले ३५९, त्यात २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश, ज्यांना घरी जायचं नव्हतं. होय, असेही होते.

हे बावीस हजार कैदी म्हणजे गुपचूप बसलेली माणसं नव्हती. प्रत्येक कंपाउंडमध्ये कैद्यांचेच म्होरके, त्यांची कडक संघटना. कुणी "मला घरी जायचंय" म्हटलं तर रात्रीत त्याचा काटा काढला जायचा. तारेबाहेर भारतीय पहारा, पण तारेच्या आत सत्ता त्या म्होरक्यांची. अशा छावणीत काय होऊ शकतं याचं उदाहरण ताजं होतं. १९५२ च्या मे महिन्यात कोजे बेटावर कम्युनिस्ट कैद्यांनी छावणीचा प्रमुख असलेला अमेरिकन ब्रिगेडियर जनरल डॉड यालाच पकडून ओलीस ठेवलं होतं. तीनेक दिवसांनी तो सुटला खरा, पण अमेरिकेची जगभर नाचक्की झाली आणि पुढे ती छावणी मोडायला रणगाडे आणावे लागले, कैदी मेले.

आणि सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस तीच वेळ आपल्यावर आली. चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला पकडून कंपाउंडमध्ये ठेवून घेतलं.

इथं जरा थांबा. इअरफोन लावून ऐकत असाल तर भाग पॉज करा आणि विचार करा, थोरातांच्या जागी तुम्ही काय केलं असतं? मशिनगन आहेत, जवान चिडलेत, आपला माणूस आत आहे. गोळीबार केला तर ग्रेवाल जाणार, त्याच्यासोबत शे-दोनशे कैदी जाणार, आणि दुसऱ्या दिवशी चीन आणि अमेरिका दोघंही म्हणणार, भारताला जमलं नाही. सगळा आयोग मोडणार, कदाचित युद्धबंदीसुद्धा. गोळीबार नाही केला आणि नुसतं वाट बघत बसलं, तर उद्या बाकीच्या कंपाउंडमध्ये आणखी दोन मेजर पकडले जाणार.

थोरात मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन, हत्यार न घेता, स्वतः आत गेले. दलाचा प्रमुखच. हजारो खवळलेल्या कैद्यांच्या मध्ये. त्यांच्या म्होरक्यांशी बोलले, वातावरण निवळवलं आणि ग्रेवालांना सोबत घेऊन बाहेर आले. एकही गोळी न झाडता. आता म्हणायला सोपं आहे, पण हिशेब फसला असता तर भारताचा मेजर नव्हे, मेजर जनरलच ओलीस पडला असता, आणि डॉडची गोष्ट लोक विसरले असते.

या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र वर्ग दोन मिळालं. त्यालाच आता कीर्ती चक्र म्हणतात. युद्धभूमीबाहेरच्या शौर्याचं ते पदक आहे. मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरकारनं असं देऊन ठेवलंय.

पण याचा सिनेमा करायची घाई नको. सगळं असं गोड झालं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैद्यांनी कुंपणावर धडक मारली तेव्हा भारतीय पहाऱ्याला गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. ज्या मुख्य कामासाठी एवढा पसारा मांडला, ते तर जवळजवळ फसलंच. ठरलं असं होतं की प्रत्येक देशाचे अधिकारी नव्वद दिवस आपापल्या कैद्यांना भेटून समजावतील, बाबांनो घरी चला. त्यासाठी तंबू होते, तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एका दारातून गेलास तर मायदेश, दुसऱ्यातून गेलास तर परत छावणीत. कैदी यायलाच तयार नसायचे, आले तर आरडाओरडा, समजावणाऱ्याच्या अंगावर धावून जाणं. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया म्हणत, जबरदस्तीनं आणा. स्वीडन आणि स्वित्झर्लंड म्हणत, जबरदस्ती केलीत तर आम्ही यात नाही. भारतानं बळ वापरायला नकार दिला. नव्वदांपैकी फार थोडे दिवस प्रत्यक्ष काम झालं. चीन चिडला, दक्षिण कोरिया आधीच चिडलेला होता. दोन्हीकडून शिव्या. पंचाला शिव्या दोन्हीकडून पडतायत म्हणजे पंच बरोबर आहे असं काही सिद्ध होत नाही, पण विकला गेलेला नाही एवढं तरी कळतं.

शेवटी जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्यांनी दिले होते त्यांच्याच हवाली परत केले गेले. बावीस हजारांतले सहाशेच्या आसपास कैदी तेवढे मायदेशी गेले. बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले, कोरियन दक्षिणेत राहिले. पलीकडच्या २३ अमेरिकनांपैकी दोघांनी मन बदललं, २१ चीनकडं गेले.

आणि ८८ जणांनी तिसरंच सांगितलं. आम्हाला उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवान नको. त्यांना आपलं सैन्य परतताना सोबत घेऊन आलं, भारतात. त्यातले बरेच पुढं ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, मोजके इथंच राहिले. चोई इन-हुन या लेखकाची 'चौक' या अर्थाच्या नावाची एक कोरियन कादंबरी आहे, १९६० ची, तिचा नायक असाच तटस्थ देशाकडं निघालेला कैदी आहे. कोरियात ती खूप वाचली जाते. आपल्याकडं या ८८ जणांबद्दल काय लिहिलं गेलंय? शोधून बघा, फार हाताला लागणार नाही.

स्वित्झर्लंड आणि स्वीडन मात्र अजून तिथंच आहेत. युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या वेगळ्या आयोगात प्रत्येकी पाच अधिकारी, पानमुनजोमला, सत्तर वर्षांहून जास्त काळ. पाच माणसांनी काय होतं, असं वाटेल. लढाई थांबत नाही त्यानं, पण कुणी खोटं बोलायला लागला तर बघणारं कुणीतरी असतं.

आजही या कामात छोटे आणि गरीब देशच पुढं दिसतात. नेपाळ बघा, रवांडा बघा. फिजीची लोकसंख्या दहा लाखसुद्धा नाही, पण त्यांचे सैनिक १९७८ मध्येच लेबनॉनला गेले. यात पैशाचाही भाग आहे, लपवायचं कारण नाही. यूएन प्रत्येक सैनिकामागे देशाला ठरावीक रक्कम देतं, गरीब देशांना ती लागते. श्रीमंत देश पैसे देतात आणि गरीब देश माणसं, हे मला तरी फारसं सुंदर वाटत नाही. भारताचे आजवर दोन लाखांहून जास्त जवान अशा मिशनवर गेले आणि दीडशेहून जास्त परत आले नाहीत.

हे काम शिकावं लागतं, आणि ते शिकण्याची एक जागा आपल्या अगदी जवळ आहे. मार्च २०१९ मध्ये पुण्यात औंधच्या लष्करी ठाण्यात आणि दापोडीच्या सीएमईत सतरा आफ्रिकन देशांच्या तुकड्या दहा दिवस आपल्या जवानांबरोबर सराव करत होत्या. बोट्स्वाना, बेनिन, नामिबिया, मॉरिशससुद्धा. विषय दोन: पेरलेले भूसुरुंग काढणं आणि शांतिसेनेचं काम. २०२३ च्या मार्चमध्ये औंधला पुन्हा असाच सराव झाला. मंचरवरनं शिवाजीनगरला जाताना एसटी दापोडीतून सीएमईच्या भिंतीजवळून जाते, ती हीच सीएमई. त्या भिंतीआड बेनिनचा जवान चेकपोस्टवर चिडलेल्या जमावाशी कसं बोलायचं याचा सराव करत असेल, हे खिडकीत बसून आपल्याला कुठं कळतं?

थोरातांचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले. मार्च १९६० मध्ये 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन, चीननं हल्ला केला तर आपल्याकडं काय काय कमी पडेल, हे त्यांनी वरच्यांसमोर मांडलं. थिमय्या तेव्हा लष्करप्रमुख होते आणि आपल्यानंतर थोरात यावेत असं त्यांचं मत होतं. १९६१ मध्ये नेमणूक दुसऱ्याची झाली, थोरात निवृत्त झाले. १९६२ तुम्हाला माहीत आहे. थिमय्या पुढं सायप्रसमध्ये यूएनच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून गेले आणि डिसेंबर १९६५ मध्ये तिथंच, कामावर असताना, वारले.

कांगॉच्या लढाईवर वेगळा भाग करायचा विचार आहे. तुमच्या घरात कुणी यूएन मिशनवर जाऊन आलं असेल तर त्यांना विचारून व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात वाजवू.