नागपूरचा महाल : एका जुन्या वस्तीचे समाजजीवन

॥ श्री गणेशाय नमः ॥

रामाकोना, सौंसर व पांढुर्णा या परिसराचा नागपूरशी असलेला संबंध केवळ संत्र्याच्या व कापसाच्या बाजारापुरता नाही. देवगडच्या गोंड राजवंशातील राजा बख्तबुलंदशहा याने इ. स. १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर वसविले. तो देवगडचा किल्ला आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात आजही उभा आहे. नागपूरच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक असलेल्या महालाची माहिती भाविकांना व्हावी, या हेतूने हा लेख देत आहोत.

इतिहास

बख्तबुलंदशहाचा वारस चांदसुलतान याने राजधानी नागपुरास आणली, शहराभोवती तट उभारला आणि जुम्मा तलाव बांधला. पुढे गोंड राजघराण्यातील वारसाकलहात पहिले रघुजी भोसले यांना पाचारण करण्यात आले व इ. स. १७४३ पासून नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामाने नटलेला त्यांचा राजवाडा ज्या भागात होता, तोच महाल. इ. स. १८५३ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६४ साली राजवाडा आगीत नष्ट झाला व मुख्यतः नगारखाना तेवढा उरला. राजसत्ता व राजवाडा दोन्ही गेल्यावरही वस्ती मात्र नांदती राहिली.

वस्तीचे स्वरूप

सागवानी खांबांचे, कवेलूंच्या छपरांचे वाडे, आत मोकळा चौक, ओसरी, विहीर आणि देवघर, अशी येथील जुन्या घरांची रचना. बुधवारी, शुक्रवारी, इतवारी ही आसपासच्या भागांची नावे आठवडी बाजारांच्या वारांवरून पडली. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. नागपूर-छिंदवाडा मार्ग ब्रॉडगेज होण्यापूर्वी आपल्या भागातील प्रवासी छोट्या लाइनीने इतवारी स्थानकावर उतरत. तेथून जुने शहर जवळच होते.

सणांतून घडलेला शेजार

या वस्तीची खरी ओळख तिच्या सणांत आहे. भोसले घराण्यातील खंडोजी उर्फ चिमणाबापू बंगालच्या स्वारीहून परतले, तेव्हा गणपतीचे विसर्जन झालेले होते. म्हणून पितृपक्षातील चतुर्थीस पुन्हा गणेशस्थापना करण्यात आली, असे सांगतात. विदर्भात पितृपक्षास हडपक म्हणतात. त्यावरून हा ‘हडपक्या गणपती’. नकला व हास्यविनोद यांमुळे त्यास ‘मस्कऱ्या गणपती’ असेही म्हणतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बालकांचा तान्हा पोळा भरतो. दुसरे रघुजी भोसले यांच्या काळी तो सुरू झाला, असे मानले जाते. त्याच दिवशी जुन्या शहरातून मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, तर पिवळी १८८५ पासून निघते. रोगराई व इडापिडा घेऊन जाण्याची आळवणी करीत तिला गावाबाहेर नेतात. सोबतचे ‘बडगे’ महागाई, भ्रष्टाचार अशा प्रश्नांवर टीका करतात. आपल्या पांढुर्ण्याची गोटमारही याच दिवशी असते, हे वाचकांस ठाऊक आहेच.

या सणांसाठी वर्गणी, बांबू-कागदाचे काम, मिरवणुकीची व्यवस्था ही सर्व कामे शेजाऱ्यांना मिळून करावी लागतात. वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे ही कामे आपसूक जातात. मोहल्ल्याची एकी टिकते ती अशा कामांतून.

आजची स्थिती

कुटुंबे वाढली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या आणि अनेकजण शहराच्या नव्या भागांत राहावयास गेले. केळीबाग मार्गाच्या रुंदीकरणात जुनी बांधकामे पाडली गेली. अनेक वाड्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. रस्ता रुंद होणे रहिवाशांच्याही सोयीचे आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु ओसरी व चौक गेल्यावर शेजाऱ्यांनी रोज भेटावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी देवस्थान आणि सण हीच एकत्र येण्याची ठिकाणे उरतात.

महालाचा राजवाडा गेला, तरी त्याचे सण लोकांनी चालविले म्हणून टिकले. आपल्या गावांतील पोळा, भजनी मंडळे व मंदिरातील उत्सव यांनाही हेच लागू आहे. तरी सर्व भाविकांनी घरातील ज्येष्ठांकडून आपापल्या मोहल्ल्याची, जुन्या घरांची व उत्सवांच्या रीतींची माहिती लिहून ठेवावी आणि उत्सवाच्या कामांत मुलांना सोबत घ्यावे, ही नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥